वासाचा पुरावा काय?

विलेपार्ल्यावरून लोकलने गेलेल्या जुन्या मुंबईकराला तिथल्या बिस्किटांचा वास अजून आठवतो. १९२९ साली सुरू झालेला तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तेव्हा लोक हळहळले. पण खाद्यपदार्थांच्या कारखान्याचा वास असा गोडच असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी गळीत हंगामात साखर कारखान्याच्या खालच्या ओढ्याकाठी एक रात्र काढावी!

साखर निघाल्यावर उरते ती मळी. ती आंबवून आसवनीत अल्कोहोल काढतात. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर काळपट-तांबडे स्पेंटवॉश उरते. ते साठून कुजले की हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते ती त्याचीच. हेच पाणी ओढ्यात सुटले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरून वर येतात.

अशाच एका ओढ्याकाठच्या वस्तीतील आयाबहिणी माझ्याकडे आल्या होत्या. "वकीलसाहेब, पोरीला बघायला आलेले पाहुणे पोह्यांना हात न लावता उठले," एक माउली सांगत होती. तक्रार घेऊन गेल्या तर साहेबांनी विचारले, "वासाचा पुरावा काय?" शिवाय वस्तीतली पोरे त्याच कारखान्यात रोजंदारीवर. मग सही करणार कोण? पाणी उताराने वाहते हे खरे. पण आमची वस्ती उतारावर वसवली कोणी?

त्या साहेबांना उत्तर रतलामने दिले आहे. तिथेही अल्कोहोल कारखान्याचे दुर्गंधीयुक्त पाणी रस्त्यावर येत होते, गटारे उघडी होती. रहिवासी दंडाधिकाऱ्यांकडे गेले. नगरपालिकेने पैसा नसल्याचे रडगाणे गायले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्णा अय्यर यांनी ही सबब फेटाळली. पुढे १९९१ च्या सुभाषकुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे याच न्यायालयाने सांगितले.

रतलामकरांनी वापरलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ आले आहे. त्याखाली प्रांताकडे अर्ज करता येतो. त्यासाठी वही ठेवा. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, ओढ्याचा रंग रोज लिहा. ग्रामसभेत ठराव मांडा. मात्र स्वतः बाटलीत भरलेल्या पाण्यावर विसंबू नका. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच रीतसर घ्यावा लागतो. त्याला ओढ्यावर बोलवा.

कारखाना बंद पाडा, असे वस्तीत कोणीच म्हणत नाही. त्यावर आमच्याही चुली पेटतात. सांडपाण्यावर प्रक्रिया करा, एवढेच मागणे आहे. आणि रोजीच्या बदल्यात श्वास गहाण टाकावा, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. त्या अर्जावर पहिला अंगठा उठला तो त्या माउलीचा. तिचा थोरला पोरगा कारखान्यातच कामाला आहे. आता बाकीच्यांनी तिला एकटे पाडू नये.