मसुऱ्याच्या ओटीवरची कॅसेट

गेल्या चतुर्थीत वाडीतल्या एका पोराने आमच्या ओटीवरचं भजन मोबाइलवर टिपलं आणि रात्रीच इंटरनेटवर चढवलं. पेटी, पखवाज, टाळ आणि वाडीचे गळे. बाकी काही नाही. सकाळी चहाच्या वेळेला त्याला इंग्रजीतून सूचना आली की या व्हिडिओतलं संगीत अमुक एका कंपनीच्या मालकीचं आहे. अभंग तुकोबांचा, चाल आजोबांच्या वेळेपासून वाडीत म्हटली जाणारी, घर आमचं, गळा आमचा. त्या कंपनीने तोच अभंग कधीतरी स्टुडिओत गाऊन घेतला होता, तेवढ्यावर तिचा हक्क लागू झाला. 'कशाला कटकट' म्हणून पोराने भजन काढून टाकलं. मला ते अजून खुपतं आहे. घरी गायचं, घरीच टिपायचं आणि आपल्या माणसांना पाठवायचं, हे आमच्या कोकणातल्या मसुऱ्याला मोबाइलने शिकवलेलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही ते करत होतो आणि त्यासाठी कुणाला विचारावं लागत नव्हतं.

त्याआधीचा इतिहास भरभर उलटतो, कारण त्यात आमचं घर कुठेच नाही. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजानचा आवाज तबकडीवर गेला. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं आवाज टिपणं हे कंपनीचं, नाहीतर आकाशवाणीचं काम राहिलं. शहरांतल्या काही रसिकांकडे स्पूलचे टेपरेकॉर्डर होते. त्यांनी खासगी बैठका टिपल्या म्हणून आज त्या ऐकायला मिळतात. आमच्या गावच्या भरतगडाच्या पायथ्याशी कोण काय गातं ते टिपून ठेवावं असं मात्र कुणाला वाटलं नाही. वाटलं असतं तरी ते यंत्र इथे परवडणारं नव्हतं.

फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात छोटी कॅसेट मांडली. ती मसुऱ्यात रुळायला वीस वर्षं गेली. आखातात गेलेले लोक टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं यंत्र, घेऊन येऊ लागले, मुंबईत कोऱ्या कॅसेटी स्वस्त झाल्या, टी-सीरिजसारख्या नव्या कंपन्यांनी एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक लिहिलं. कॅसेटमुळे उत्तर हिंदुस्थानातली बोलीभाषांमधली गाणी बाजारात कशी आली, ते त्यात सविस्तर आहे. आमच्याकडेही तेच झालं. डबलबारीच्या, म्हणजे भजनी सामन्यांच्या, बुवांची भजनं, मालवणी नाटकं, दशावतार हे सगळं कॅसेटवर आलं आणि एसटी स्टँडवरच्या टपरीतून वाजू लागलं. पण मला सांगायचं आहे ते बाजारात कधीच न आलेल्या कॅसेटींबद्दल.

त्यांचं दशक १९८३ ते १९९३. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. परळ-लालबागच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या आमच्या माणसांचा पगार थांबला. काही गावी परतले, काही मिळेल ते काम करत तिथेच राहिले. एकेक घर दोन ठिकाणी वाटलं गेलं. पत्र लिहायचं तर कित्येक आयांना लिहिता येत नव्हतं. फोन करायचा तर ट्रंक कॉल लावून ताटकळत बसावं लागे, आणि बोलायला मिळत जेमतेम तीन मिनिटं. अशा वेळी कॅसेट हे बोलतं पत्र झालं. एका बाजूला चतुर्थीचं भजन, दुसऱ्या बाजूला घरची खुशाली: गाय व्यायली, पाऊस लांबला, धाकटी शाळेत जाऊ लागली. चाकरमानी परत निघाला की नारळ-तांदळाच्या पिशवीत, रुमालात गुंडाळून ती त्याच्याबरोबर जायची. ज्याला रजा मिळाली नाही त्याच्या खोलीत ती लागायची आणि शेजारच्या खोल्यांतली माणसं दारात येऊन बसायची.

टिपायचं कसं, याचं शास्त्र आम्ही ऐकून-ऐकून बसवलं होतं. टू-इन-वनच्या पोटातच माइक. तो जमिनीवर ठेवला तर पेटीच्या भात्याचे आणि पायांचे धक्के त्यात उतरतात, म्हणून पाटावर गोधडीची घडी आणि घडीवर यंत्र. बुवा समोर, पेटी त्यांच्या हाताशी, पखवाज ओटीच्या टोकाला, टाळकरी पार खळ्यात. पखवाज जवळ आला तर पंचाईत व्हायची. त्या यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त होते. पखवाजावर थाप पडली की यंत्र दचकून सगळंच खाली ओढायचं, बुवांचा आवाज बुडायचा आणि थाप संपली की कौलांवरचा पाऊस मोठा होऊन यायचा. म्हणून पखवाजवाल्याला मागे, आणखी मागे सरकवत राहायचं. शेणाने सारवलेली जमीन, मातीच्या भिंती आणि वर कौलं: असल्या ओटीवर आवाज घुमत नाही आणि कोरडाही पडत नाही. स्टुडिओत हजारो रुपये घालून जे साधतात ते आम्हाला घराने फुकट दिलं होतं.

साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. रूपाचा अभंग, गवळण झाली आणि गजर रंगात आला की नेमकी बाजू संपायची. म्हणून एक माणूस फक्त फितीकडे डोळे लावून बसलेला असे. डाव्या चाकावरची फीत संपत आली की तो बुवांना बोटाने खूण करी आणि बुवा गजर आवरता घेत. नव्वदची कॅसेट आम्ही टाळायचो; तिची फीत पातळ, लवकर गुंतते. सेल उतरलेले असले तर रेकॉर्डिंग संथ चाले आणि नव्या सेलवर वाजवलं की बुवांचा आवाज चढून पोरासारखा येई. म्हणून चतुर्थीला नवे सेल घेणं हा खर्च निर्माल्याच्या टोपलीइतकाच ठरलेला असे. काम झालं की कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे दात मोडायचे, म्हणजे त्यावर पुन्हा कुणी टेप करू शकत नाही. तरी त्या भोकांवर कागदाचा बोळा लावून वर सिनेमाची गाणी भरणारे महाभाग प्रत्येक घरात निघालेच. मसुऱ्यातली अर्धी भजनं अशी त्या काळच्या हिट गाण्यांच्या खाली गाडली गेली आहेत, आणि त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

खरा ठेवा मात्र बायकांच्या गाण्यांचा. पुरुषांचं भजन कुठे ना कुठे टिपलं जात होतं. गौरीच्या रात्री माजघरात फुगडीची, फेराची गाणी चालत, लग्नात हळदीच्या वेळी जुन्या बायका ओव्या म्हणत, बारशाला पाळणे म्हणत. ते कोण टिपणार? आधी त्या लाजत. एक काकी यंत्राकडे बघून म्हणाली होती, "माझो आवाज त्या डब्यात कित्याक व्हयो? मी हंयसरच आसंय मां!" मग कुणीतरी यंत्र कणगीच्या मागे ठेवलं, त्यावर पातळ टाकलं आणि बायका विसरल्या. त्या कॅसेटींत बांगड्या वाजतात, मधेच एखादीला कडवं आठवत नाही, दुसरी ते पुरं करते, हसू फुटतं, पोर रडतं, आणि गाणं थांबत नाही. गावोगावी पिठाची गिरणी पोचल्यावर जातं थांबलं आणि जात्यावरच्या ओव्या आधीच मागे पडत चालल्या होत्या. त्यांचा शेवटचा आवाज कुठे असेल तर असल्या कॅसेटींत.

गिरण्यांचा संप सुरू झाला त्याच महिन्यात, जानेवारी १९८२ मध्ये, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका भाड्याच्या घरात ब्रूस स्प्रिंगस्टीन गिटार घेऊन साध्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी टिपत होता. पुढे स्टुडिओत वाद्यमेळ घेऊन तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण घरच्या टेपमधलं ते काही येईना. शेवटी त्या कॅसेटवरूनच 'नेब्रास्का' ही तबकडी निघाली. आज जगभर तिचं कौतुक होतं. आमच्या ओटीवरच्या टेपला मात्र 'आवाज क्लिअर नाही' म्हणून नाकं मुरडणारे आमचेच लोक होते.

मुंबईतल्या एका कॅसेट कंपनीचा माणूस त्या काळात गावात येऊन गेला. त्याने आमच्या बुवांना स्टुडिओत नेलं, गजर सहा मिनिटांत बसवायला लावला, पखवाजाच्या जागी यंत्रावरचा ठेका घातला, मागे सिंथेसायझर भरला आणि एकरकमी किरकोळ पैसे हातावर ठेवले. कॅसेट विकली गेली. तिच्या कव्हरवर देवाचं चित्र होतं, बुवांचं नाव आत बारीक अक्षरात. त्यानंतर गावातली पोरं बुवांच्या खऱ्या गाण्यापेक्षा त्या कॅसेटसारखं गाऊ लागली. ठेक्याची सवय लागली ती तिथून. आज भजनात ऑक्टोपॅड आणि कराओकेचे ट्रॅक घुसले आहेत, त्यांची वाट त्या सहा मिनिटांनी मोकळी केली.

१९९३ नंतरची वर्षं मला सांगण्यासारखी वाटत नाहीत. कोकण रेल्वे आली, फोन घरात आले, बोलतं पत्र पाठवायची गरज संपली. मग सीडी, मग चिपमध्ये शंभर-शंभर गाणी भरून देणारी दुकानं. त्या काळात घरी गाणं टिपलंच जात नव्हतं. सगळे फक्त भरून घेत होते. २०१६ मध्ये डेटा स्वस्त झाला आणि टिपणं पुन्हा सुरू झालं, पण दुसऱ्याच तऱ्हेने.

आजच्या मोबाइलचा माइक आमच्या टू-इन-वनपेक्षा कितीतरी चांगला आहे. तरी आवाज वाईट का येतो? ही यंत्रं मुख्यतः बोलण्यासाठी बसवलेली आहेत. सलग, एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं त्यांना शिकवलं आहे. मग व्हिडिओ कॉलवर आरती चालू असताना पेटीचा धरलेला सूर आणि टाळांचा नाद ती पुसत जातात आणि मुंबईच्या माणसाला तुटक-तुटक शब्द ऐकू येतात. काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे पूर्वी गोधडीची घडी सरकवून आम्ही ठरवत होतो. आता ते दूरदेशी बसून कुणीतरी ठरवतं. मालकी कुणाची हेही तेच ठरवतात. आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्यालाही त्याच्या गाण्यावर हक्क दिला आहे, पण एका खेड्यातल्या पोराने तो इंग्रजी फॉर्म भरून सिद्ध करायचा, आणि कंपनीला मात्र काहीच करावं लागत नाही. याला मी अन्यायच म्हणतो.

आणि पाठवलेलं राहत नाही, हे सगळ्यांत वाईट. ग्रुपवर आलेली आरती पुढच्या फोनबरोबर जाते. आमच्या कॅसेटी निदान फळीवर होत्या. आता त्यांचीही अखेर आली आहे. कोकणच्या दमट हवेत फितीला बुरशी लागते, फीत दाबून धरणाऱ्या स्पंजचा गोंद सुटतो, दुरुस्त करणारे कारागीर राहिले नाहीत.

असे आवाज जपण्याचं काम होऊ शकतं याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात खेडोपाडीच्या बायकांच्या एक लाखांवर जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल त्यात सामील झाले आणि हजारो ओव्या गाणाऱ्यांच्या आवाजात टिपल्या गेल्या. २०१७ पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहावर त्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावानिशी ऐकायला मिळतात. आपल्या काकीचं नाव तसं लागायला हवं.

म्हणून मसुऱ्याच्या, आणि मसुऱ्यासारख्या प्रत्येक गावाच्या माणसांना माझी विनंती आहे. येत्या चतुर्थीला घर झाडाल तेव्हा कॅसेटी फेकू नका. बुरशी लागलेली फीत लगेच वाजवू नका. आधी जाणकाराला दाखवा. चांगली असेल ती एकदा पुढे-मागे गुंडाळून सैल करा. चालू टेपरेकॉर्डर मिळाला तर त्याचं हेड स्पिरिटने पुसा. टाळ बोथट वाजत असतील तर हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवत राहा, टाळ एकदम मोकळे होतील. हेडफोनच्या छिद्रातून वायर थेट कॉम्प्युटरला जोडा आणि आवाज वेव्ह फाइलमध्ये घ्या, एमपीथ्रीमध्ये नको. नवं भजन मोबाइलवर टिपत असाल तर फोन एरोप्लेन मोडवर टाका, आवाज 'साफ' करणारी सोय बंद करा आणि पाठवताना व्हॉइस नोट न करता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलच्या नावात कोण गातं, कुणाचं घर, कोणतं साल हे लिहा. एक प्रत गावच्या घरात, एक मुंबईच्या घरात ठेवा. इंटरनेटवर टाका हवं तर, पण मूळ प्रत आपल्याकडे असू द्या. ज्या बायकांनी त्या रात्री फेर धरला होता त्यांतल्या काही अजून आहेत आणि कुठलं कडवं कुणाचं हे त्याच सांगू शकतात. हे काम याच वर्षी करा.