फुलोरा, धांडे आणि खिरापत

करंजीला दोरा ओवायचा असेल तर भोक कढईत सोडण्याआधीच पाडावे लागते. तळल्यावर काडी टोचली की करंजीचे तुकडे हातात येतात. नागपूर-रामटेककडच्या घरांत भाद्रपदात हे शहाणपण दरवर्षी कोणा नव्या सुनेला, नातीला नाहीतर मदतीला आलेल्या शेजारणीला शिकवले जाते. महालक्ष्म्या बसणार असतात आणि त्यांच्यावर फुलोरा टांगायचा असतो. त्यात करंज्या असतात, साटोऱ्या असतात, पातळ पापड्या असतात आणि पिठाच्याच वेणी, फणी, करंडा. देवीचा शृंगार पिठात वळायचा, मंद आचेवर तळायचा, दोऱ्यात ओवून मखराच्या आडव्या काठीला बांधायचा आणि महालक्ष्म्या गेल्या की घरादाराने वाटून खायचा. याला पदार्थ म्हणावे की कलाकुसर, हा प्रश्न त्या घरात कोणालाही पडत नाही.

विदर्भातल्या घरगुती सणसमारंभांत स्वयंपाक आणि हस्तकला अशा दोन वेगळ्या खोल्या नाहीत. दोन्हींचे सामान एकाच शेतातून, एकाच रानातून येते आणि बहुतेक वेळा तेच हात दोन्ही कामे करतात. हे नीट पाहायचे तर रामटेकसारखे गाव नाही.

नागपूरच्या ईशान्येला सुमारे पन्नास किलोमीटरवरचे रामटेक बाहेरच्यांना माहीत असते ते गडावरच्या राममंदिरामुळे आणि कालिदासामुळे. ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असे अनेक अभ्यासक मानतात. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या संस्कृत विद्यापीठाला कविकुलगुरूचे नाव मिळाले तेही त्यामुळेच. सणावळीच्या दृष्टीने मात्र या गावाचे महत्त्व त्याच्या जागेत आहे. उत्तरेला पेंचचे जंगल, आजूबाजूला आणि पूर्वेला भंडाऱ्याच्या दिशेने धानाची शेते, पश्चिमेला काटोल-सावनेरकडे कापूस, ज्वारी आणि संत्र्यांचा पट्टा. गावाच्या परिसरातले पानमळे ब्रिटिश काळापासून नावाजलेले. त्यामुळे पत्रावळीचा पळस, वडाभाताचा तांदूळ, आंबिलीची ज्वारी, वातीचा कापूस आणि विड्याचे पान यांतले काहीच फार लांबून आणावे लागत नसे.

सणांची रांग सुरू होते पोळ्यापासून. श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकायचे, त्यांना जेवणाचे आवतण द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सजवून तोरणाखाली उभे करायचे. शिंगांना रंग आणि बेगड, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग आणि मठाटी. या साजातले बरेच काही पूर्वी घरीच होई. जुन्या लुगड्याची झूल शिवली जाई, सुताचे आणि लोकरीचे गोंडे वळले जात. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या आणि पोळा फुटला की बैल घरोघरी जातात आणि पुरणपोळीचा पहिला घास त्यांच्या तोंडात जातो.

दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा ही नागपूर भागाची खास ठेव. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसरे रघुजी, म्हणजे १७८८ ते १८१६ या काळात गादीवर असलेले राजे, यांनी तो सुरू केल्याचे सांगितले जाते. मोठ्यांच्या पोळ्यात लहान मुले बैलांच्या पायाखाली येऊ नयेत आणि तरी त्यांना बैलाची ओळख व्हावी, म्हणून मुलांसाठी लाकडी बैल. चार चाकांवरचा नंदी, गळ्यात दोरी, अंगावर कागदाची नाहीतर कापडाची झूल. संध्याकाळी मुले तो ओढत शेजारी-पाजारी फिरतात आणि बोजारा गोळा करतात. कोणी पैसे देते, कोणी खाऊ. अनेक घरांत आजोबांचा नंदीच नातवाकडे येतो. सुताराने घडवलेले सागाचे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दरवर्षी नवे करायचे असते ते फक्त त्याचे कपडे. मुलांच्या हाती कात्री, खळ आणि रंगीत कागद द्यायला यापेक्षा चांगले निमित्त नाही.

मग येतात महालक्ष्म्या. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात, त्या इथे ज्येष्ठा आणि कनिष्ठा महालक्ष्म्या म्हणून बसतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि जेवण, मूळ नक्षत्रावर विसर्जन. मुखवटे पितळी असोत की मातीचे, ते वडिलोपार्जित असतात. धड मात्र कोठीचे. त्या कोठीत गहू, तांदूळ भरायचे, वर साडी नेसवायची. उभ्या कोठीला चुणीदार नऊवारी नेसवणे हे कौशल्याचे काम आहे. ज्या बाईला ते साधते तिला गल्लीतल्या दोन-चार घरांतून बोलावणे असते. सुताच्या सोळा पदरांना हळद लावून सोळा गाठी मारायच्या, अंगणापासून देवघरापर्यंत पावले काढायची, मागे पडदे लावायचे. कामे वाटून घेतल्याशिवाय हा सण पार पडत नाही.

पूजनाच्या दिवशीचे ताट बघून पाहुणा दडपतो. सोळा भाज्या एकत्र करून केलेली भाजी, अळूची पातळ भाजी, कढी, वडे, पुरणपोळी, चटण्या, कोशिंबिरी. प्रत्यक्षात त्यातला एकेक पदार्थ साधाच आहे. सोळा भाज्या म्हणजे भाद्रपदात परसात आणि बाजारात जे हिरवे दिसते ते सगळे, चारचार फोडी. सगळ्यात साधी आणि सगळ्यात अडून बसणारी ती आंबील. ज्वारी भिजवायची, भरडायची, ताकात शिजवायची, मीठ आणि थोडा लसूण-जिऱ्याचा वास. कोणी तीच दूध-गुळाबरोबर खाते. पुरणपोळी एखाद्या वर्षी विकत आणलेली चालेल. आंबिलीशिवाय नैवेद्य पुरा झाला असे मात्र अनेक घरे मानत नाहीत.

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई येते आणि महिनाभर, कोजागरीपर्यंत, राहते. हा मुलींचा सण. पश्चिम महाराष्ट्रातला भोंडला-हादगा आणि खानदेशातली गुलाबाई या तिच्याच बहिणी. भुलाबाई आणि भुलोजी म्हणजे भिल्लांच्या वेशातले पार्वती-शंकर. कुंभाराकडून रंगवलेल्या मातीच्या मूर्ती आणायच्या, नाहीतर अंगणातली चिकणमाती मळून मुलींनीच करायच्या. रोज संध्याकाळी मूर्तीपुढे टिपऱ्यांच्या तालावर गाणी होतात. सासरच्या तक्रारी, माहेरची ओढ, दागिन्यांची हौस आणि नवऱ्याची थट्टा, असा त्यांचा मजकूर.

गाण्यांपेक्षा चुरस असते खिरापतीची. जिच्या घरी गाणी तिच्या घरची खिरापत, आणि ती झाकलेल्या डब्यातच राहणार. बाकीच्या मुलींनी डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, वास घ्यायचा आणि नाव सांगायचे. गोड की तिखट, एवढेच विचारता येते. त्यामुळे खिरापतीचे पाकशास्त्रच वेगळे झाले. फुटाणे खडखडतात, चिवडा सळसळतो, शिऱ्याला तुपाचा वास येतो, म्हणून हे लगेच ओळखू येतात. मुरलेली आई वाटली डाळ करते, भिजवलेल्या पोह्यांत गूळ-खोबरे कालवते, डब्यात केळीचे पान अंथरते, नाहीतर दोन वेगळे पदार्थ एकमेकांत मिसळून आवाजाचा घोळ घालते. खर्च मूठभर डाळीचा, तयारी मात्र गुप्तहेराची.

कोजागरीला भुलाबाईसाठी ज्वारीच्या धांड्यांची माडी उभारतात. पाच हिरवी, कणसासकट धांडी वरच्या टोकांना एकत्र बांधून खाली पसरवली की मंडप तयार. खिळा नाही, डिंक नाही, पैसा नाही. त्या रात्री आटीव दूध होते, घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात आणि खिरापतींची नुसती रेलचेल असते.

इथे शेताचा हिशेब आड येतो. गेल्या तीन-चार दशकांत विदर्भातल्या खरिपात सोयाबीन पसरले आणि ज्वारीचे क्षेत्र आटत गेले. सोयाबीन लवकर हाती येते, त्याला बाजार आहे, पाखरांची राखण लागत नाही. शेतकऱ्याच्या बाजूने निर्णय समजण्यासारखा आहे. पण ज्वारी गेली तेव्हा भाकरीबरोबर जनावराचा कडबा गेला, आंबिलीचे धान्य गेले आणि भुलाबाईची माडीही गेली. गावात फुकट मिळणारी धांडी आता कोजागरीच्या बाजारात जुड्या बांधून विकायला येतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले तेव्हा ज्वारीच्या पौष्टिकतेवर पुष्कळ लिहिले गेले. त्या लिखाणात धांड्यांचा उल्लेख क्वचितच होता.

उलट दिशेचे उदाहरण पळसाचे आहे. पूर्व विदर्भातल्या लग्नाच्या पंगती पूर्वी पळसाच्या पत्रावळींवर उठत. रानातून पाने आणायची, सावलीत जरा सुकवायची, बांबूच्या नाहीतर गवताच्या बारीक काड्यांनी टाचायची. लग्न ठरले की शेजारणी दुपारी एकत्र बसून हे काम करीत. थर्माकोलच्या ताटांनी ते मागे टाकले. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली, सजावटीचे थर्माकोलही त्यात आले. तेव्हापासून पानाच्या पत्रावळी-द्रोणांना पुन्हा गिऱ्हाईक आहे आणि मखरासाठी कागद, कापड, बांबू शोधला जातो. पाने आता बहुधा यंत्रावर दाबलेली असतात, पण गरम वरणाचा पळसाला लागून येणारा वास तोच आहे.

रामटेकच्या घरांना खरी घाई असते ती कार्तिकात. त्रिपुरी पौर्णिमेला गडावर त्रिपूर पेटतो, यात्रा भरते आणि गावात ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे. त्रिपूरवात साडेसातशे धाग्यांची करायची अशी रीत आहे. सरकी काढलेला, पिंजलेला कापूस घ्यायचा, बोटांना राख लावायची आणि पातळ सूत ओढत राहायचे. चातुर्मासात दुपारी गप्पा मारता मारता म्हाताऱ्या बायका हे काम संपवतात. पाहुण्यांना मात्र झटपट आणि भरपूर असे काहीतरी हवे, तिथे धानाच्या मुलखाचा वडाभात कामी येतो. मिश्र डाळी भिजवून जाडसर वाटायच्या, तिखट-मीठ घालून वडे तळायचे, गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीची तेलाची फोडणी. सोबत कढी. एका पातेल्यात वीस माणसे जेवतात आणि पोळ्या लाटत बसावे लागत नाही. शेजारच्या भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचा सुवास असला की फोडणी थोडी कमी टाकावी, असे जाणत्या सुगरणी सांगतात.

उन्हाळ्यात कामाची जागा स्वयंपाकघरातून गच्चीवर जाते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो आणि नागपूरकर ज्या उन्हाला शिव्या घालतात तेच ऊन वाळवण एका दिवसात कडक करते. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा आणि तो शिजवून सोऱ्यातून पाडायचा. सरगुंड्यांना यंत्र लागत नाही. घट्ट मळलेल्या कणकेची बारीक दोरी बारक्या काडीभोवती गुंडाळायची, हलकेच दाबायची आणि काडी ओढून घ्यायची. पोकळ, वळ्यावळ्यांची नळी उरते. वाळली की वर्षभर टिकते, उकळत्या पाण्यात शिजवून आमरसाबरोबर नाहीतर तूप-साखरेबरोबर खातात. चांगल्या हाताचे सरगुंडे शिजल्यावरही वळ्या धरून राहतात.

याच वाळवणाचे पुढे रुखवत होते. लग्नात मुलीबरोबर जाणारे लाडू, शेवया, कुरडया, पापड नुसते डब्यात भरून देत नाहीत, मांडतात. शेवयांचा मोर, पापडांची पालखी, रंगवलेल्या तांदळाची रांगोळी, लोकरीची तोरणे, मण्यांचे गणपती, सुपारीचे भटजी. नव्या घरी जाणाऱ्या मुलीच्या माहेरी कोणाकोणाच्या हातात कसब आहे, याचे ते प्रदर्शनच असते. छापील पुस्तकांची या सगळ्याला थोडीफार मदत झाली. मराठीतले ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये निघाले. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापे देऊन नवख्यांचा धीर वाढवला. सरगुंड्याची दोरी किती दाबायची, हे मात्र अजूनही शेजारी बसूनच कळते.

शेजारी बसायला वेळ असलेली माणसे घरात कमी झाली आहेत. मुली नोकरीला नागपूर-पुण्यात, सुना बँकेत आणि शाळेत. मग बचतगटांनी ही जागा भरायला सुरुवात केली. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ मध्ये सुरू झालेले राज्याचे ‘उमेद’ अभियान अशा गटांबरोबर काम करतात. ‘महालक्ष्मी सरस’सारख्या विक्री-प्रदर्शनांत विदर्भाच्या गाळ्यांवर मुंगवड्या, कुरडया आणि शेवया पाकिटांतून मिळतात. नागपूरच्या मिठाईच्या दुकानांत फुलोराही तयार मिळतो.

घरांनी यातून आपापली वाटणी करून घेतली आहे. वाळवण गटाकडून, पुरणपोळ्या मागणी देऊन, पत्रावळी दुकानातून. घरी करायचे म्हणून राखलेली कामे तीन-चारच दिसतात. आंबील शिजवणे, साडी नेसवणे, फुलोऱ्यातली निदान वेणी-फणी वळणे आणि मुलांचा नंदी सजवणे. महालक्ष्म्यांच्या आदल्या रविवारी बाहेरगावचे भाऊ-बहीण-जावा जमतात, दुपारभरात पीठ मळून, वळून, तळून मोकळे होतात. चार जणी असतील तर किलोभर पिठाचा फुलोरा दोन-अडीच तासांत होतो. त्यात मोहन बेताचे घालावे, जास्त झाले तर फणीचे दात कढईतच सुटतात.