लाकडी लगद्याची आयात : श्रीमंत व अल्प उत्पन्न देशांची तुलना (शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना :
कागदाचा दरडोई वापर हे देशाच्या आर्थिक व शैक्षणिक प्रगतीचे एक गमक मानले जाते. त्यावरून लाकडी लगद्याची अधिक आयात करणारा देश संपन्न आणि अल्प आयात करणारा देश स्वावलंबी, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शिरूर व दौंड हे ऊस पिकविणारे तालुके असून उसाचे चिपाड, म्हणजेच बगॅस, हाही कागदाचा कच्चा माल आहे. त्यामुळे हा विषय या परिसराशी निगडित आहे.

आयातीची चार रूपे :
लाकडातील तंतू रासायनिक वा यांत्रिक पद्धतीने सुटे केले असता लगदा मिळतो. कागदासाठी लागणारा तंतू लाकडाचे तुकडे, लगदा, रद्दी किंवा तयार कागद अशा चार रूपांत आयात होतो. केवळ लगद्याचे आकडे पाहिल्यास उर्वरित तीन रूपे नजरेआड होतात.

श्रीमंत देश :
जर्मनी व इटली यांच्याकडे मोठा कागद उद्योग आहे; परंतु त्यास पुरेल इतका लगदा देशात तयार होत नाही. म्हणून ते मोठे आयातदार आहेत. जपान मात्र लाकडाचे तुकडे मोठ्या प्रमाणावर आणून लगदा स्वतः तयार करतो. कॅनडा, फिनलंड व स्वीडन हे तितकेच संपन्न देश निर्यातदार आहेत. यावरून केवळ उत्पन्नावर आयात ठरत नाही, हे स्पष्ट होते.

अल्प उत्पन्न देश :
आफ्रिकेतील बहुतेक अल्प उत्पन्न देशांत लगद्यापासून कागद बनविणाऱ्या मोठ्या गिरण्या नाहीत. तेथे लगद्याची आयात अत्यल्प असते. कारण वह्या-पुस्तकांचा कागद तयार स्वरूपातच येतो. प्रक्रियेचे मूल्य व रोजगार परदेशात राहतो आणि परकीय चलन अधिक खर्च होते. येथे अल्प आयात हे स्वावलंबनाचे नव्हे, तर उद्योगाच्या अभावाचे लक्षण ठरते.

कालानुरूप तुलना :
जागतिक बँक दरडोई राष्ट्रीय उत्पन्नानुसार देशांचे गट पाडते. हे गट स्थिर नसतात. भारत २००७ च्या उत्पन्नाच्या आधारे अल्प उत्पन्न गटातून निम्न मध्यम गटात गेला. चीन २०१० पासून उच्च मध्यम गटात आहे. २००० च्या सुमारास काही दशलक्ष टन लगदा आणणाऱ्या चीनची आयात २०२० मध्ये सुमारे ३ कोटी टनांवर पोहोचली. २०२१ पासून चीनने रद्दीची आयातही बंद केली. म्हणून एखाद्या गटाची आयात वाढली किंवा घटली, तर ती व्यापारामुळे की गटातील देश बदलल्यामुळे, हे प्रथम तपासावे लागते.

शिरूर व दौंड :
भारताच्या १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने उद्योगांना नैसर्गिक वनांतील कच्चा माल सवलतीच्या दरात देण्यास विरोध केला. त्यामुळे शेतातील लाकूड, रद्दी व बगॅस यांचे महत्त्व वाढले. शिरूर तालुक्यात न्हावरे व दौंड तालुक्यात पाटस येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. १०० टन उसापासून सुमारे ३० टन ओले बगॅस मिळते आणि साधारणतः ६ टन ओल्या बगॅसपासून १ टन लगदा होतो. तथापि हेच बगॅस कारखान्याच्या बॉयलरचे इंधन आहे. सहवीजनिर्मितीमुळे त्याला वीजविक्रीचे मोलही आले. शिवाय गाळप हंगाम काही महिन्यांचाच असल्याने कागद गिरणीला वर्षभराचा साठा करावा लागतो.

तमिळनाडूतील करूर जिल्ह्यात तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स या कंपनीने १९८४ मध्ये बगॅसवर आधारित उत्पादन सुरू केले. बगॅसच्या बदल्यात साखर कारखान्यांना पर्यायी इंधन वा वाफ पुरविण्याची तिची पद्धत होती. पर्यायी इंधनाची सोय झाल्याशिवाय बगॅस कागदाकडे वळत नाही, हे यातून दिसते. अर्थात, ते इंधन कोळसा असल्यास लाकडाची बचत व धूर यांचा हिशेबही मांडावा लागेल.

निष्कर्ष :
लगद्याच्या आयातीचा आकडा एकटा घेतल्यास दिशाभूल करतो. तो तयार कागद, रद्दी व स्थानिक तंतूंच्या आकड्यांसह वाचला पाहिजे. शिरूर-दौंडसारख्या भागात बगॅस बॉयलरला द्यावे की कागदाला, हा निर्णय इंधन, पाणी व शेतकऱ्याच्या उसाला मिळणाऱ्या दराचा एकत्रित विचार करूनच घेणे उचित ठरेल.