पेटीतला बाळंतविडा कुणाच्या घरी जावा?

आज बोलायचंय ते आपल्या माळ्यावर नाहीतर पलंगाखालच्या पेटीत पडून असलेल्या सामानाबद्दल. बाळंतविड्यात आलेली अंगडी-टोपडी, एकदाही न घातलेले पायमोजे, पिशवीतून बाहेर न काढलेलं ब्लँकेट, अर्धं उरलेलं डायपरचं पाकीट, एखादा दूध पावडरचा डबा. बारशाला येणारी निम्मी माणसं झबलंच घेऊन येतात, आणि तेही सगळ्यात लहान मापाचं. बाळ दोन-तीन महिन्यांत त्या मापाच्या बाहेर जातं. पहिल्या बाळंतपणाला सरकारी दवाखान्यातून बेबी केअर किट मिळालं असेल तर त्यात आणखी कपडे, आणखी मच्छरदाणी. एका घरात ढीग लागतो, आणि चार घरं पलीकडे दुसरेपणाची बाळंतीण फाटक्या लुगड्याच्या दोन दुपट्यांवर थंडी काढत असते.

तसं पाहिलं तर आपल्याकडे बाळाला दुसऱ्याचं वापरलेलं घालणं कमीपणाचं कधीच नव्हतं. पहिलं झबलं जुनंच घालायचं, तेही धडधाकट वाढलेल्या पोराचं मागून आणायचं, हे आपल्या आज्यांनी केलंच आहे. त्यामागचं शहाणपण साधं आहे. दहा वेळा धुतलेलं सुती कापड मऊ होतं, खळ निघून जाते, बाळाची कातडी सोलत नाही. मग अडतं कुठे? कपडा बाहेर गेला तर कुणी करणी करील, नजर लागेल, ही भीती एक. आणि दुसरी गोष्ट आपण तोंडाने बोलत नाही, पण कपडा कुठल्या आळीतून आला आणि कुठल्या आळीत जाणार हे बघितलं जातं. गटाच्या बैठकीत हे उघड बोलून घ्यावं असं मला वाटतं. नाहीतर पेटी गावाची म्हणायची आणि ती फिरणार चार घरांतच.

आता द्यायचं काय आणि कसं. सुती झबली, कुंची, टोपडी, दुपटी, बाळुती, गोधडी, स्वेटर, मच्छरदाणी हे सगळं निर्धास्त द्यावं. गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवायचं. सैल झालेलं बटण, टिकल्या, मणी, गळ्याशी बांधायची लांब नाडी काढून टाकायची, कारण बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. आणि एक गोष्ट जरा ठासून सांगते. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवायच्या नाहीत. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक कमतरता असते आणि ती वरून दिसत नाही. अशा तान्ह्या बाळाला डांबरगोळ्यांच्या वासाचे कपडे घातले किंवा त्यात गुंडाळलं, तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ जिवावर बेतेल इतकी वाढू शकते. त्यापेक्षा वाळलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवा. कपडा पेटीत गोळ्यांसोबत आधीच राहिला असेल, तर धुऊन काही दिवस उन्हावाऱ्यात ठेवा आणि वास पूर्ण गेल्याशिवाय कुणाला देऊ नका.

पाळणा द्यावा, पण दोऱ्या, कड्या, सांधे तपासून. चाकाचा वॉकर देऊ नका. त्याने पोर लवकर चालतं हा गैरसमज आहे. उलट उंबऱ्यावरून, चुलीपाशी, पायरीवर अपघात होतात. कॅनडात तर २००४ पासून वॉकर विकायलाही बंदी आहे. उघडलेली औषधाची बाटली, थेंब, ग्राईप वॉटर, काजळाची डबी हे काही पुढे जाऊ द्यायचं नाही. डायपर कोरडे असतील, उंदराने कुरतडले नसतील तर चालतील. ओआरएसची न फोडलेली पाकिटं तारीख बघून आशाताईंकडे द्या.

उरला दुधाचा डबा आणि बाटली. इथे थोडं थांबू या, कारण सगळ्यात जास्त माया इथेच दाखवली जाते आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं. डबा महागाचा असतो. फेकवत नाही. मग आपण तो शेजारच्या बाळंतिणीला नेऊन देतो. ती बिचारी आधीच धास्तावलेली असते, सासू म्हणत असते की हिचं दूध पुरत नाही, पोर रडतंय. डबा घरात आला की बाळाला बाटली लागते. आईचं दूध बाळ ओढेल तेवढं तयार होतं, आणि बाळ ओढायचं कमी झालं की दूधही आटायला लागतं. आता हिशोब बघा. पूर्ण डब्यावरच असलेल्या बाळाला ४०० ग्रॅमचा डबा आठवडाभरही पुरत नाही. फुकटचा डबा संपतो तोवर अंगावरचं दूध कमी झालेलं असतं, आणि दुसरा डबा विकत आणायला मजुरीचे पैसे पुरत नाहीत. मग एका चमच्याचं दूध दोन चमच्यांचं पाणी घालून वाढवलं जातं. पाणी हापशाचं, बाटली धड उकळलेली नाही. बाळाला जुलाब लागतात, वजन घटतं.

हे नुसतं सांगोवांगी नाही. इंडोनेशियाच्या जावा बेटावर मे २००६ मध्ये मोठा भूकंप झाला. मदत म्हणून दूध पावडर घरोघर वाटली गेली. नंतर तपासणी झाली तेव्हा ज्या लेकरांच्या घरी ही पावडर मिळाली होती त्यांच्यात जुलाबाचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास निघालं, आणि ज्यांना मिळाली नव्हती त्यांच्यात साधारण ११ ते १२ टक्के. देणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं.

आपल्याकडे तर यासाठी १९९२ सालचा कायदाच आहे. डब्याची आणि बाटलीची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, एवढं पुष्कळ जणींना ठाऊक असतं. पण त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात असंही आहे की, आईच्या दुधाऐवजी द्यायचं दूध आणि दुधाच्या बाटल्या अनाथालयाखेरीज कुणालाही दान करता येत नाहीत. म्हणजे गटाने डबे गोळा करून बाळंतिणींना वाटणं हे पुण्याचं काम नाहीच, कायद्यातही बसत नाही. न फोडलेला, मुदतीतला डबा असेल तर बिल घेऊन मेडिकलवाल्याला परत घेतो का विचारा. नाहीतर तो मान्यताप्राप्त शिशुगृहात जाऊ शकतो. आपल्या जिल्ह्यात असं शिशुगृह कुठे आहे ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात कळतं. आधी फोन करून त्यांना तोच डबा चालतो का विचारायचं, मगच न्यायचा. फोडलेला डबा कुठल्याच बाळाला द्यायचा नाही. मुदतीतला आणि चांगला असेल तर घरच्या मोठ्यांच्या चहात घाला, कुणी ओरडणार नाही. वापरलेली बाटली कुणालाच नको.

आणि खरोखरच दूध कमी पडत असेल तर? बाळंतिणीला डबा देण्यापेक्षा तिला आशाताईंकडे, सिस्टरकडे घेऊन जा. बहुतेक वेळा बाळाने तोंडात नीट धरलेलं नसतं, तेवढं सुधारलं की काम होतं. आई दगावली असेल किंवा डॉक्टरांनीच वरचं दूध लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा गटाने डॉक्टरांनी लिहिलेलं घ्यायला त्या घराला पैशाची मदत करावी. मोठ्या दवाखान्यांत आईच्या दुधाची पेढीही असते. मुंबईच्या सायन रुग्णालयात ती १९८९ साली सुरू झाली, आशियातली पहिली.

आता जरा अवघड बोलते. काही घरांतलं सामान न वापरलेलं असतं, कारण ते वापरायला बाळ घरी आलंच नाही. अशा घरी जाऊन, “कपडे पडूनच आहेत ना, देऊन टाका,” असं कुणीही म्हणू नये. सासूने नाही, जावेने नाही, गटाच्या अध्यक्षांनीही नाही. ती आई पुढच्या आठवड्यात देईल, पाच वर्षांनी देईल, किंवा एक झबलं कायम जपून ठेवील. तिने स्वतःहून विषय काढला तर तिच्या जवळच्या एकीने जाऊन सगळं एकदम घेऊन यावं, तिला बाजारात बसल्यासारखं एकेक मोजायला लावू नये. ते कपडे शक्यतो गावात देऊ नका. रोज समोरून जाणाऱ्या पोराच्या अंगावर तेच टोपडं बघणं तिला जड जातं. आणि घेणाऱ्या घरात कुणी अपशकुन म्हणून नाक मुरडलं तर तो घाव परत तिलाच बसतो. जिल्हा रुग्णालयात कमी वजनाच्या नवजात बाळांचा कक्ष असतो. तिथल्या सिस्टरना विचारून मऊ टोपडी, मोजे, दुपटी तिथे देता येतात.

दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडच्या, मराठवाड्यातल्या. कोपीत दोन-तीन महिन्यांचं लेकरू असतं आणि आई पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात जाते. बाळ बांधावर, उसाच्या पाचटावर झोपलेलं. पौष महिन्याचा गारठा आठवा. आपल्या पेटीतल्या स्वेटरचं, कुंचीचं, मच्छरदाणीचं खरं घर मला तरी ते वाटतं. पण तिथेही ट्रॅक्टरभर जुनेर ओतून यायचं नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर अशाच जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. आधी दोघींनी जायचं, बायकांशी बोलायचं, लेकरं किती, केवढी, हवंय काय ते विचारायचं. कदाचित झबली पुरेशी असतील आणि हवी असेल ती पाणी साठवायला झाकणाची बादली. जे द्यायचं ते त्या आयांच्याच हातात द्यायचं, मुकादमाच्या नको. फोटो काढायचा नाही. घेणारीला उद्या व्हॉट्सॲपवर आपलं पोर दिसलं तर ती पुन्हा आपल्याकडून काही घेणार नाही, आणि बरोबरच आहे.

गावासाठी मात्र देणं-घेणं नको, फिरती पेटी बरी. एक पत्र्याची पेटी, अंगणवाडीत किंवा ज्या घरी येणं-जाणं सगळ्यांना सोयीचं पडतं तिथे. आत तीन गाठोडी: जन्म ते तीन महिने, तीन ते सहा, सहा ते बारा. महिन्यातून एकदा अंगणवाडीत आरोग्य पोषण दिवस असतो, गरोदर बाया तिथे येतातच. त्या दिवशी पेटी उघडायची. वहीत कपडे लिहू नका, कपडे विरतात, हरवतात, त्याचा हिशोब कोण ठेवणार. पाळणा, मच्छरदाणी आणि मोठं ब्लँकेट एवढंच लिहायचं: कुणाकडे गेलं, कोणत्या महिन्यात, आणि त्यानंतर कुणाच्या घरी बाळंतपण आहे. पाळणा सहा-सात महिन्यांनी, बाळ बसायला, धरून उठायला लागलं की परत यायला हवा. तोवर त्याची पुढची बाई नवव्या महिन्यात आलेली असते, ती स्वतःच निरोप धाडते.