दरी बुजवून उभे राहिलेले जिनालय

पालिताण्याच्या शत्रुंजय गिरीवर यात्रेकरू आज ज्या मोतीशा टुकेत सहजतेने पाऊल ठेवतात, तेथे दोनशे वर्षांपूर्वी जमीनच नव्हती. गिरीच्या दोन शिखरांमध्ये कुंतासरची खोल दरी होती. मुंबईचे श्रेष्ठी मोतीशा, अर्थात मोतीचंद अमीचंद (१७८२–१८३६), यांनी ती दरी बुजवून तेथे जिनालय बांधण्याचा संकल्प केला.

चीनशी चालणाऱ्या सागरी व्यापारात मोतीशांनी मोठे वैभव मिळविले होते. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर त्यांनी १८२८ मध्ये उभारले. १८३४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई पांजरापोळीच्या आधारस्तंभांतही त्यांची गणना होते. त्याच सुमारास, १८३३ मध्ये, मुंबईचा टाऊन हॉल ग्रीक धाटणीच्या भव्य स्तंभांसह पूर्ण झाला. नव्या राज्यकर्त्यांची वास्तुशैली शहरात रुजत असताना मोतीशांनी मात्र शिखर, मंडप आणि देवकुलिका यांची पश्चिम भारतातील प्राचीन परंपराच स्वीकारली.

या कामातील खरे आव्हान कोरीवकामाचे नव्हते, पायाचे होते. भरावाची जमीन दबते, खचते. तिच्यावर पाषाणाच्या शिखरांचा भार टाकायचा, तर भराव घट्ट आणि अचल हवा. गाडी न चढणाऱ्या डोंगरावर दगड-माती वाहून नेणाऱ्या श्रमिकांची नावे कोठे कोरलेली नाहीत. परंतु मुख्य मंदिर आणि त्याभोवतीच्या शंभराहून अधिक देवकुलिका त्यांच्याच श्रमांवर उभ्या आहेत.

मोतीशांना प्रतिष्ठेचा दिवस पाहता आला नाही. १८३६ मध्ये त्यांचे देहावसान झाले. पुढच्याच वर्षी पुत्र खीमचंद यांनी मूलनायक आदिनाथांची प्रतिष्ठा करवून पित्याचा संकल्प पूर्णत्वास नेला.

दशकभरानंतर अहमदाबादेत अशीच घटना घडली. शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी धर्मनाथ प्रभूंच्या संगमरवरी मंदिराचे काम हाती घेतले आणि १८४५ मध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी सूत्रे स्वतःकडे घेतली. शिल्पी प्रेमचंद सलाट यांच्या हातून साकारलेले हे बावन्न देवकुलिकांचे जिनालय १८४८ मध्ये पूर्ण झाले.

व्यापारी घराण्यात पेढी, येणे आणि देणे वारशाने पुढील पिढीकडे येते. वडिलांचे देणे फेडणे हा आपल्याकडे अब्रूचा प्रश्न मानला जातो. खीमचंद आणि हरकुंवर यांनी अपुरा संकल्पही असाच देण्याच्या बाजूला लिहिला. तो कोणत्याही सावकाराने मागितला नसता, न्यायालयाने वसूल केला नसता. तरीही त्यांनी तो पै-पैसह चुकता केला.

पुढील यात्रेत त्या टुकेच्या प्रांगणात क्षणभर थांबावे. पायाखालची फरसबंदी सपाट दिसते. तिच्याखाली मात्र एक संपूर्ण दरी आहे.