अब्बा घरी राहिले तेव्हा

कोकणातल्या मुस्लिम घरात वाढलेल्या माझ्या वयाच्या कोणालाही विचारा, "लहानपणी तुझे अब्बा कुठे होते?" उत्तर बहुधा एकच मिळेल, "गल्फला होते." नेमकं काय काम करायचे, हे पुष्कळांना सांगता येणार नाही. कुणाचे कुवेतला, कुणाचे दोहा-दुबईला, कुणाचे जहाजावर, एवढंच ठाऊक. १९७० नंतर तेलाच्या पैशाने आखाती देशांत कामं निघाली आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, रत्नागिरी या पट्ट्यातल्या गावोगावची माणसं तिकडे गेली. त्या कमाईवर पक्की घरं उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली, मुलं शिकली. ते कष्ट कोणी विसरू नयेत. पण त्या घरांतल्या मुलांना त्यांचा बाप किती मिळाला, याचा हिशोब आपण कधी मांडला नाही. २०२० च्या लॉकडाऊनने तो मांडायला लावला.

दोन वर्षांतून दोन महिने

माझे अब्बा कुवेतला होते. दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी मिळायची. मधल्या काळात अब्बा म्हणजे पातळ कागदाचं पत्र आणि कोणी सुट्टीवर येणाऱ्याबरोबर पाठवलेली कॅसेट. ती टेपरेकॉर्डरवर लावली की दादी पदर डोळ्यांना लावायची. आम्ही भावंडं आपलं नाव कधी येतं याची वाट पाहायचो. मग उत्तराची कॅसेट भरायची. सगळ्यांसमोर अम्मी काय बोलणार? "तब्येतीला जपा" एवढं म्हणून ती बटण दाबायची.

अब्बा आले की घरात ईद असायची. बॅग उघडली की साबणाचा आणि अत्तराचा वास, टँगचा डबा, निडोचं दूध, सगळ्यांना कापड. पण अब्बा पाहुणे होते. त्यांना चांगल्या ताटात वाढायचं, त्यांच्यासमोर भांडायचं नाही, हट्ट करायचा नाही. माझ्या धाकट्या भावाने त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो दाराआड लपला. ओळख व्हायला पंधरा दिवस गेले, गळ्यात पडायला महिना लागला, आणि तोवर परतीचं तिकीट निघालं होतं. घर, शेत, बँक, शाळा, आजारपण हे सगळं अम्मीच्या अंगावर. रागावणारी तीच, म्हणून आमच्या लेखी वाईटही तीच.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत व्यापलं. पत्रं थांबली. दादी दिवसभर रेडिओपाशी बसायची. सरकारने एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना तिथून मायदेशी आणलं, बहुतेकांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे. अब्बा त्यांच्यात होते. या वेळी बॅग नव्हती, अंगावरच्या कपड्यांनिशी ते अंगणात उभे राहिले.

पुढची दीड वर्षं ते घरी होते. पैशाची ओढाताण झाली, अम्मीने बांगड्या मोडल्या. पण मला सायकल शिकवली ती अब्बांनी त्याच काळात. पाढे, नमाजातल्या सूरा, गळ कसा टाकायचा, हे सगळं तेव्हाचं. १९९२ मध्ये ते पुन्हा गेले. आज आम्ही भावंडं अब्बांच्या आठवणी काढतो तेव्हा टँगचा डबा कोणाला आठवत नाही. ज्या काळात त्यांनी काहीच आणलं नव्हतं, त्याच काळाच्या गोष्टी निघतात.

शाळेच्या खिडकीत

माझ्या मुलांचे अब्बा गल्फला नाहीत. ते मुंबईत एका दुकानात कामाला आहेत आणि डोंगरीत गावच्या जमातीच्या खोलीत राहतात. महिन्या-दीड महिन्यातून दोन दिवस गावी येतात. रोज व्हिडिओ कॉल होतो. कॅसेटच्या मानाने ही केवढी सोय! तरी कॉलवरचं बोलणं ठरलेलं, "जेवलास का? अभ्यास केलास का? अम्मीला त्रास देऊ नकोस." मुलगा फोनसमोरून पळून जायचा.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून सगळं बंद झालं. मुंबईत एका खोलीत नऊ माणसं अडकली. २५ एप्रिलला पहिला रोजा आला. मशिदींत मोजक्या माणसांपलीकडे कोणी जायचं नव्हतं. आमच्याकडे दादी, मी, सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. तिकडे ते आणि फोनच्या पडद्यावरची इफ्तारी.

मे महिन्यात ई-पास मिळाला. ११ तारखेला ते गावात पोहोचले, पण घरी नाही. बाहेरून येणाऱ्याने चौदा दिवस वेगळं राहायचं, असा नियम होता आणि ग्रामकृती दल तो कसोशीने पाळत होतं. सोय कुठे? जिल्हा परिषदेच्या शाळेत. मार्चपासून मुलांना बंद असलेल्या शाळेत आता मुंबईहून आलेले बाप राहू लागले. मुलं रोज संध्याकाळी इफ्तारीचा डबा फाटकापाशी ठेवून मागे सरायची. मुलीचा वर्ग दुसरीचा आणि तिचे अब्बा नेमके त्याच वर्गात. ती लांबून ओरडून सांगायची, "माझ्या बाकावर बसा, खिडकीजवळचा!"

२४ मेला, चाँदरातीला, त्यांचे चौदा दिवस भरले. मुंबईहून काही आणलेलं नव्हतं, बाजार बंद होते. ईदला नवे कपडे नव्हते. शीरखुर्म्यात खारीक कमी आणि नारळ जास्त होता. मुलांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

घरची जमात

महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० ला. तोवर जमात घरातच व्हायची. अब्बा पुढे, त्यांच्या उजव्या हाताला चार वर्षांचा मुलगा, मागे दादी, मी आणि मुलगी. आपल्याकडे लहान मुलगा मशिदीत जातो तेव्हा त्याला मागच्या सफेत पाठवतात, हसला तर डोळे वटारतात. घरात तो थेट अब्बांच्या शेजारी. सजद्यात गेलेल्या अब्बांच्या पाठीवर तो दोनदा चढला. दादी नमाजानंतर रागावली. तेव्हा मुलांच्या अब्बांनी तिला आठवण करून दिली, की प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पाठीवर नातू चढला, तेव्हा त्यांनी तो उतरेपर्यंत सजदा लांबवला होता. दादी गप्प झाली. अजान कशी द्यायची, इकामत कोणी म्हणायची, यासाठी मुलांची पाळी लागू लागली. ज्या गोष्टी मी तीन वर्षं सांगून दमले होते, त्या शेजारी उभं राहून आपोआप आल्या.

सगळं असंच गोड होतं असं मात्र नाही. जूनमध्ये अर्धा पगार आला, जुलैपासून तोही बंद झाला. रिकाम्या हाताच्या पुरुषाचा जीव घरात घुसमटतो. आवाज चढू लागले. शेजारच्या दोन-तीन बायका विहिरीवर हळू आवाजात जे सांगायच्या ते याहून वाईट होतं. मुलं भिंतीला लागून उभी राहतात, ते दृश्य कितीतरी घरांनी त्या वर्षी पाहिलं. आणि बाईचं काम? पुरुष घरी, मुलं घरी, म्हणजे चूल दिवसभर पेटलेली. घरात माणसं वाढली, हात वाढले नाहीत.

एकदा मी ते स्पष्ट बोलून दाखवलं. ह. आयशा (र.) यांना कोणी विचारलं होतं, की प्रेषित (स.) घरी काय करत? त्यांनी सांगितलं, की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजाची वेळ झाली की बाहेर जात. ही हदीस आपण जलशांत ऐकतो. ऐकून घरी येतो आणि पाणी मागतो. आमच्याकडे त्या दिवसापासून नारळ खवणं, पाणी भरणं आणि मुलांना आंघोळ घालणं ही अब्बांची कामं झाली. पहिल्या दिवशी खोबऱ्यात करवंटीचा भुगा आला. मुलगी शेजारी बसून सांगत होती, "अब्बा, एवढं खोल नाही."

कौलं, कंदील आणि टिलीमिली

३ जूनला, ईदनंतर नवव्या दिवशी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, छपरं उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. आमच्या पडवीची कौलं गेली. मुलांचे अब्बा छपरावर, मुलगी खालून कौलं देतेय, मुलगा फुटक्यांचा ढीग करतोय. रात्री कंदील. फोन चार्ज नाही, म्हणून सगळे एकाच उजेडाभोवती. त्या रात्री मुलांनी पहिल्यांदा ऐकलं, की त्यांचे अब्बा मुंबईत कोणत्या वाटेने कामाला जातात, दुपारी कुठे जेवतात आणि जमातीच्या खोलीत कोण घोरतं.

पुढे शाळेचा प्रश्न आला. एक फोन, दोन मुलं आणि रेंज फक्त टेकाडावर. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, तिचा आधार झाला. पण पडद्यासमोर लहान मूल शिकतं ते शेजारी कोणी बसलं तरच. आमच्या गावात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. म्हणजे पहिलीच्या उंबरठ्यावरून घरी बसलेलं मूल थेट दुसरीत शाळेत बसलं. देशाच्या ग्रामीण भागातली मुलं किती वाचू शकतात हे 'असर' पाहणीत तपासतात. २०१८ मध्ये तिसरीतली २७.३ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकत होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. मुळातच कमी असलेला आकडा आणखी घसरला. ज्या घरात कोणी रोज शेजारी बसून दोन पानं वाचून घेतली, तिथलं मूल तगलं. त्यासाठी फार शिकलेलं असावं लागत नाही. आमच्या दादीला मराठी वाचता येत नाही. ती मुलीला "मला वाचून दाखव" म्हणायची आणि अडखळली की "मग पुढे काय झालं?" विचारायची.

नोव्हेंबरच्या अखेरीस मुलांचे अब्बा पुन्हा मुंबईला गेले. जावंच लागणार होतं.

आता काय ठेवायचं

एक गोष्ट मला टोचत राहते. माझे अब्बा मला मिळाले ते युद्धामुळे. माझ्या मुलांना त्यांचे अब्बा मिळाले ते महामारीमुळे. कित्येक घरांत तर त्याच महामारीने बाप कायमचा नेला. आपल्या घरांत बापाने मुलांत बसावं यासाठी दर वेळी एखादं संकटच यायला हवं का?

रोजगार गावात नाही, तो बाहेरच शोधावा लागतो, हे खरं आहे. पण जे दिवस मिळतात त्यात पाहुण्यासारखं राहायचं की घरच्यासारखं, हे आपल्या हातात आहे. आमच्या घरी आम्ही काही गोष्टी ठरवून धरून ठेवल्या आहेत. कोणालाही जमण्यासारख्या आहेत.

रोजच्या कॉलवर अब्बांनी अभ्यासाचं विचारायचं नाही. आधी आपल्या दिवसातली एक गोष्ट सांगायची, मग मुलं आपणहून सांगतात. कॉल प्रत्येक मुलाशी वेगळा, पाच मिनिटं का होईना, आणि त्या वेळी मी खोलीत नसते. सुट्टीवर आल्यावर घरातली दोन-तीन कामं अब्बांचीच, आणि ती मुलांना बरोबर घेऊनच करायची. दिवसातली एक तरी नमाज घरात, जमातीने, म्हणजे मुलीही सफेत उभ्या राहतात. आणि रागवायचं कामही वाटून घ्यायचं. आई कायम फौजदार आणि बाप कायम खाऊवाला, ही विभागणी मुलांच्याही भल्याची नाही.

गल्फला असलेल्या माझ्या भावानेही यातलं निम्मं उचललं आहे. तो शुक्रवारी फोन लावून ठेवतो आणि तिकडे आपलं जेवण बनवतो, इकडे मुलं गृहपाठ करतात. कोणी फारसं बोलत नाही. त्याची बायको म्हणते, त्या दिवशी घरात माणूस असल्यासारखं वाटतं.

लॉकडाऊनची मुलं आता मोठी होत आहेत. विसरण्याआधी त्यांना एकदा विचारून पाहा, तेव्हाचं काय आठवतं? मी विचारलं. मुलाला कौलांचा ढीग आठवला. मुलीला अब्बांनी घातलेली वेणी आठवली, जी शाळा नसल्यामुळे कोणी पाहिली नाही आणि तिने तीन दिवस सोडली नाही. तुमच्या घरी जे उत्तर येईल ते लिहून ठेवा. पुढच्या सुट्टीत काय करायचं, ते त्यातच सापडेल.