जहाजावरचा तिसरा डेक

साथीच्या काळातला प्रवास : लेखांक ७

मागच्या लेखात आपण रेल्वेच्या डब्यातल्या संसर्गाचा विचार केला. पुण्याहून निघालेल्या माणसाला वाटेत ताप भरला, तर तो निदान भुसावळला उतरू शकतो. क्रूझवर ती सोय नाही. किनारा दोन दिवसांवर असतो आणि बंदराने नकार दिला, तर जवळ येऊनही उतरता येत नाही. त्यामुळे जहाजावर तब्येत सांभाळणं हे एकट्यादुकट्याचं काम राहत नाही.

याचा सर्वांत मोठा धडा ‘डायमंड प्रिन्सेस’ने दिला. २० जानेवारी २०२० रोजी हे जहाज जपानच्या योकोहामाहून निघालं. २५ तारखेला हाँगकाँगला उतरलेल्या एका प्रवाशाला कोरोना झाल्याचं १ फेब्रुवारीला निष्पन्न झालं. ३ तारखेला जहाज योकोहामाला परतलं आणि ५ तारखेपासून प्रवाशांना आपापल्या केबिनमध्येच राहण्याचा आदेश मिळाला. तेव्हा जहाजावर ३,७११ माणसं होती. अखेरीस त्यांतल्या ७१२ जणांना लागण झाली.

दार लावून बसल्यावरही आजार थांबला का नाही? बरीचशी लागण विलगीकरणाच्या आधीच होऊन गेली होती, हे खरं. पण दारं बंद झाली ती प्रवाशांची. हजाराहून जास्त कर्मचाऱ्यांचं काम चालूच राहिलं. दिवसातून तीन वेळा कोणीतरी शिजवायचं, ताटं भरायची, ती केबिनच्या दारापर्यंत न्यायची आणि उष्टी भांडी परत आणायची. हे करणारी माणसं दोघं-दोघं एका खोलीत झोपत आणि एकाच मेसमध्ये जेवत. ९ फेब्रुवारीपर्यंत ज्या २० कर्मचाऱ्यांना लागण झाल्याचं आढळलं, त्यांतले १५ जण खानपान विभागातले होते आणि १६ जणांच्या खोल्या तिसऱ्या डेकवर होत्या. खानपान विभागाचे कर्मचारी राहायचे ते याच डेकवर.

हे कर्मचारी आपल्याला परके नाहीत. जहाजावरच्या १३८ भारतीयांपैकी १३२ जण कर्मचारी होते. गोव्यातल्या आणि मुंबईतल्या कितीतरी घरांची चूल असल्याच नोकऱ्यांवर पेटते. घरातला मुलगा ‘शिपवर’ असतो, नऊ-नऊ महिने घर पाहत नाही. त्याची खोली सुरक्षित नसेल, तर त्याने आणून दिलेलं जेवण घेणारा प्रवासीही सुरक्षित नाही.

दुसरा धडा लक्षणांचा. या जहाजावर बाधित आढळलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना चाचणीच्या वेळी कसलाही त्रास नव्हता. म्हणून जिन्यापाशी कपाळावर धरलेल्या तापमापकावर विसंबून चालत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या ‘कॉर्डेलिया’ जहाजावर हेच दिसलं. आधी एक कर्मचारी बाधित निघाला, मग सर्वांची तपासणी झाली आणि ६६ जण बाधित आढळले. जहाज मुरगावहून मुंबईला परत आलं.

मग प्रवाशाने करायचं काय? बुकिंगच्या आधीच चार प्रश्न विचारा. आजारी पडलेल्यांसाठी वेगळ्या केबिन राखून ठेवल्या आहेत का? कर्मचारी आजारी पडला, तर त्याला पगारी रजा मिळते का? केबिनमध्ये बाहेरची ताजी हवा येते, की आतलीच हवा फिरवली जाते? वाटेतल्या कोणत्या बंदरात रुग्णाला उतरवता येईल? पगार कापला जाणार असेल, तर माणूस खोकला दाबून कामावर येतो. म्हणून दुसरा प्रश्न दयेपोटी विचारायचा नाही, त्यात तुमच्याही जिवाचा सवाल आहे.

बाकीची तयारी आपल्या हातातली. लस निघण्याच्या पुरेशी आधी घ्या. लस घेतल्यावरही लागण होऊ शकते, पण आजार गंभीर होण्याचा धोका बराच कमी होतो. रोजच्या गोळ्या सहलीच्या दिवसांपेक्षा निदान दोन आठवडे जास्तीच्या न्या. विम्यात जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरला आहे का, ते वाचून पाहा. जहाजावरचा दवाखाना प्राथमिक उपचारांपुरता आणि रुग्ण बंदरापर्यंत तगवण्यापुरता असतो. मोठ्या रुग्णालयाची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

लिफ्ट, नाट्यगृह, कॅसिनो अशा बंदिस्त जागी एन-९५ मास्क लावा. जेवण शक्यतो उघड्या डेकवर घ्या. हात साबण-पाण्याने धुवा, कारण जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस हा क्रूझवरचा जुनाच पाहुणा आहे आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही. वय झालेलं असेल, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर साथ ऐन भरात असताना सहल पुढे ढकलणं शहाणपणाचं.

आणि घसा खवखवू लागला, तर लपवू नका. सहल वाया जाईल म्हणून लोक गप्प बसतात आणि तेवढ्या वेळात शेजारच्या दहा केबिन धोक्यात येतात. फोन करून डॉक्टरला कळवा, केबिनमध्येच थांबा आणि जेवण दाराबाहेर ठेवायला सांगा. ते आणणाऱ्यासमोर मास्क काढू नका.

(पुढील आठवड्यात : विमानाच्या केबिनमधली हवा)